बेळगावच्या पावसात बियांपासून फुलझाडं : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

बियांच्या पाकिटामागे पेरणीचे महिने छापलेले असतात. ते सगळ्या देशाला एकच, त्यामुळे आपल्याकडे त्यांचा उपयोग बेताचाच. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जांबोटी-कणकुंबीला उघड्यावर पेरलेलं बी झडीत वाहून जातं, आणि त्याच आठवड्यात अथणीचा शेतकरी आभाळाकडे बघत बसलेला असतो. बेळगाव भागात बियांपासून फुलं करायची तर आधी आपल्या गावचा पाऊस ओळखायचा. खत, औषध, महागडे ट्रे हे सगळं नंतरचं. नवख्या माणसाची रोपं इथे थंडीने जात नाहीत, उन्हानेही फारशी जात नाहीत. बहुतेक जातात ती जास्तीच्या पाण्याने.

तुमचं गाव कुठल्या पट्ट्यात?

खानापूर तालुका आणि बेळगावच्या पश्चिमेची गावं म्हणजे भाताचा पट्टा. माती लाल, पाणी झिरपून जाणारी. मृगापासून आश्लेषापर्यंत, म्हणजे जूनपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, सलग दोन दिवस ऊन मिळेल याचा भरवसा नाही. इथे पावसाळ्यात रोपं करायची तर डोक्यावर आडोसा हवाच.

बेळगाव शहर, हुक्केरी, संकेश्वर, निपाणी, चिकोडी हा मधला पट्टा. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर असल्याने हवा मऊ, उन्हाळाही सोसवणारा. फुलांना याहून चांगली हवा मिळणं अवघड. निपाणी-चिकोडीकडे मात्र काळी माती. ती शेतात सोन्यासारखी असली तरी बियांच्या ट्रेत कामाची नाही. ते पुढे सांगतो.

रायबाग, अथणी, गोकाक हा पूर्वेचा कोरडा भाग. इथे झडीची भीती नाही, पण दुपारचं ऊन आणि पाणी या दोन अडचणी आहेत. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात बोअरचं पाणी मचूळ असतं. मातीवर पांढरा थर दिसत असेल तर निदान रोपांसाठी तरी पावसाचं साठवलेलं किंवा नळाचं गोडं पाणी वापरा. मोठं झाड मचूळ पाणी थोडंफार सोसतं, कोंब सोसत नाही.

पहिल्या वर्षी काय पेरावं

झेंडू, झिनिया, कॉसमॉस. पहिल्या वर्षी एवढी तीन पुरेत. तिन्हींचं बी बोटांच्या चिमटीत एकेक धरता येतं, आठवड्याभरात उगवतं, आणि चार चुका पोटात घालतं. झेंडू दोन तऱ्हेचा असतो. मोठ्या चेंडूसारख्या फुलांचा, दोन-तीन फूट वाढणारा, तो हारा-तोरणांचा. दुसरा बुटका, तांबूस-पिवळ्या मखमली फुलांचा. हा कुंडीत जास्त शोभतो आणि फुलावरही लवकर येतो, पेरल्यापासून साधारण ५० दिवसांत. कॉसमॉसमध्येही गुलाबी-पांढरा आणि केशरी-पिवळा असे दोन. केशरी जास्त काटक, अथणीकडे तोच लावा.

परड्यात पावसाळी रंग हवा असेल तर बागेतला दुहेरी फुलांचा तेरडा घ्या. गौरी आणताना लागणारा रानतेरडा माळावर आपोआप उगवतो. त्याचंच हे बागेतलं भावंड, त्यामुळे आपल्या पावसाशी त्याचं जमतं. गुलबक्षी आणि गोकर्ण यांना तर विकतचं बी घ्यायचीही गरज नाही, गल्लीत कुणाच्या तरी कुंपणावर मिळतं.

थंडीसाठी अ‍ॅस्टर, डायंथस, फ्लॉक्स. पेटुनिया सगळ्यांना हवा असतो, पण त्याचं बी धुळीसारखं असतं आणि उगवल्यावर पहिले तीन आठवडे रोप डोळ्यांनाही नीट दिसत नाही. दुसऱ्या वर्षी करा. पॅन्सीचंही तेच.

आणि काही झाडं बियांच्या वाटेला न नेलेलीच बरी. शेवंतीच्या बुडातून फुटलेली पिल्लं लावतात, गुलाबाचं कलम आणतात, मोगरा-जास्वंद फांदीवरून करतात. यांचं बी पेरून वाट बघत बसण्यात काही हशील नाही.

जातींबद्दल थोडं. अ‍ॅस्टरमध्ये दोन्हीकडचा फायदा आपल्याला घेता येतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या 'फुले गणेश' मालिकेत पांढरा, गुलाबी, जांभळा असे रंग आहेत, आणि बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेच्या कामिनी, पौर्णिमा, शशांक या जाती आहेत. झेंडूत दिल्लीच्या पुसा संस्थेच्या 'पुसा नारंगी' आणि 'पुसा बसंती' जुन्या आणि भरवशाच्या, पण त्यांना फुलायला चार महिन्यांच्या आसपास लागतात, हे दसऱ्याचं गणित मांडताना विसरू नका. आपल्या जिल्ह्यातच अरभावीला उद्यानविद्या महाविद्यालय आहे. तिकडे कुणी ओळखीचं शिकत असेल तर कुठली जात आपल्या गावात चालते हे त्याला विचारून घ्या.

दुकानात दोन तऱ्हेचं बी मिळतं. पाकिटावर 'एफ-१' किंवा 'संकरित' असेल तर फूल मोठं आणि एकसारखं येईल, पण त्या फुलाचं बी धरून पुढच्या वर्षी पेरलं तर तसंच फूल येईल असं नाही. घरचं बी धरायची हौस असेल तर साधं, सुधारित जातीचं बी मागा. पाकीट कुठलंही घ्या, मागची तारीख बघा. फुलांचं बी वर्ष उलटलं की उगवणीला कमी पडायला लागतं.

सणापासून उलटं मोजा

आपल्याकडे फूल लागतं ते सणाला. म्हणून पेरणीची तारीख सणापासून मागे मोजत यायची.

मोठा संकरित झेंडू पेरल्यापासून साधारण ६० ते ७५ दिवसांत फुलतो. आपल्या पावसात ऊन कमी मिळतं, म्हणून ८० दिवस धरा. दसरा कधी ऑक्टोबरच्या सुरुवातीला येतो, कधी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. २ ऑक्टोबरचा दसरा असेल तर १४ जुलैच्या सुमारास बी ट्रेत पडायला हवं. २० ऑक्टोबरचा असेल तर १ ऑगस्टपर्यंत चालेल. म्हणजे पेरणी येते ती नेमकी तरण्या-म्हाताऱ्या पावसात. खानापूर-बेळगावकडे हीच खरी अडचण. रोपं आडोशाला वाढवून, पाऊस जरा उघडल्यावर मघा-पूर्वाच्या सुमारास, म्हणजे ऑगस्टच्या मध्यानंतर, बाहेर लावायची. दिवाळीच्या फुलांसाठी त्यानंतर १५-२० दिवसांनी दुसरी खेप पेरा. एकाच दिवशी सगळं पाकीट संपवू नका. पहिली खेप गोगलगाईंनी खाल्ली तर दुसरी हाताशी असते.

गणपतीला रंग हवा असेल तर मृगाची वाट बघू नका. मे महिन्याच्या शेवटी, वळवाच्या एक-दोन सरी झाल्यावर झिनिया, तेरडा आणि केशरी कॉसमॉस पेरायचे. खरी झड सुरू होईपर्यंत त्यांना चार-सहा पानं आलेली असतात आणि मग पाऊस त्यांना मारत नाही, वाढवतो. पश्चिम पट्ट्यातली ही सगळ्यात मोठी युक्ती मानतो मी. एकतर पावसाच्या आधी, नाहीतर आडोशाखाली. भर पावसात उघड्या वाफ्यात बी टाकणं म्हणजे पैसे मार्कंडेय नदीत सोडणं.

थंडीच्या फुलांचं बी उत्तरा-हस्ताच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ट्रेत टाका. परतीचा पाऊस ऑक्टोबरात एखादा दणका देऊन जातोच, तोपर्यंत ट्रे आतच ठेवा. डायंथस आणि फ्लॉक्स डिसेंबर-जानेवारीत फुलतील. अ‍ॅस्टरला साडेतीन-चार महिने द्यावे लागतात.

उन्हाळ्यासाठी फेब्रुवारीत झिनिया, सूर्यफूल, गॅलार्डिया आणि ऑफिस टाईमची फुलं (पोर्टुलाका). पूर्वेकडच्या मंडळींनी दुपारची सावली मिळेल अशी जागा बघावी. बाकीच्यांना फारशी काळजी नाही.

माती

ट्रेतली माती आणि वाफ्यातली माती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाफ्यात जे चालतं ते ट्रेत चालेलच असं नाही.

काळी माती ओली असताना चिकट होते, वाळली की वरून कडक पापडी धरते आणि भेगा पडतात. बारीक कोंबाला ती पापडी फोडता येत नाही. म्हणून निपाणीकरांनी आणि चिकोडीकरांनी ट्रेसाठी काळी माती वापरूच नये. खानापूरकडची लाल माती चालते, पण नुसती नको, ती पावसाने घट्ट बसते.

मिश्रण साधं आहे : दोन भाग कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), एक भाग चाळलेलं गांडूळखत. कोकोपीटची वीट पाण्यात फुगवा आणि ते पाणी टाकून द्या. एकदा पुन्हा धुतलंत तर उत्तम, त्यातला खार निघून जातो. कोकोपीटवर पैसे घालवायचे नसतील तर एक भाग लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग भाताच्या तुसाची राखट, अर्धवट जळलेली भुकटी घ्या. खानापूर-बेळगावात भाताच्या गिरणीत तूस मुबलक मिळतो आणि त्याने पाणी झरझर निचरून जातं. कच्चा तूस मात्र नको. सगळं मिश्रण गव्हाच्या चाळणीने चाळून घ्या, खडे आणि काड्या काढा.

शेणखत कुजलंय की नाही ते हातात घेऊन कळतं. मातीसारखा वास येत असेल आणि कुस्करलं की भुगा होत असेल तर कुजलेलं. शेणाचा वास आला किंवा हाताला ऊब लागली तर अजून कच्चं आहे; ते रोपं जाळतं आणि हुमणीही (मुळं खाणारी अळी) घेऊन येतं. साखर कारखान्यांच्या भागात मळी (रस गाळून उरलेला गाळ) स्वस्तात मिळते, तिलाही हाच नियम. ताजी मळी थेट घालू नका, शेणात मिसळून काही महिने कुजवूनच घ्या.

बागेतली माती मिसळणार असाल तर एप्रिल-मेच्या उन्हात ती ओली करून, पारदर्शक प्लास्टिक पसरून चार-सहा आठवडे झाकून ठेवा. रोगाचे बीजाणू आणि तणाचं बी बरंच मरतं. ज्यांनी हे वेळेवर केलं नाही त्यांनी मातीवर उकळतं पाणी ओतावं, निथळू द्यावं आणि पूर्ण गार झाल्यावर वापरावं.

भांड्यांची चैन करू नका. ९८ खान्यांचे प्रो-ट्रे नर्सरीवाले वापरतात आणि ते स्वस्तही असतात, पण खाना लहान असल्याने दिवसातून दोनदा बघावं लागतं. घरी चहाचे कागदी कप बुडाला भोक पाडून छान चालतात. दुधाच्या पिशव्या, नारळाच्या करवंट्या, मिठाईचे प्लास्टिकचे डबे, सगळं चालतं, फक्त भोक हवं. पुढे झाड वाढवायला खानापूरच्या मातीच्या कुंड्या उत्तम, कारण त्यांच्या अंगातून पाणी सुटतं आणि पावसाळ्यात मुळं कुजत नाहीत. उन्हाळ्यात त्याच कारणाने त्या लवकर सुकतात, तेव्हा पाणी जास्त द्यावं लागतं.

पेरणी

मिश्रण भरा, ट्रे दोनदा जमिनीवर आपटा म्हणजे माती बसते. बी टाकण्याआधी पाणी द्या, नंतर नाही. आधी पेरून वरून झारीने पाणी घातलं की सगळं बी एका कोपऱ्यात गोळा होतं. पाणी निथळून गेलं की मग पेरा.

बी किती खोल? त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट, बस्स. झेंडू-झिनियावर पाव इंच मिश्रण पुष्कळ झालं. झेंडूचं बी काळं, सुईसारखं, एका टोकाला फिकट शेपटी असलेलं. ते आडवं ठेवा, कुठलं टोक वर याचा विचार करू नका. गोकर्णाचं बी टणक. ते रात्रभर पाण्यात भिजवा, किंवा एका कडेला सँडपेपरने जरा घासा. गुलबक्षीही भिजवली तर लवकर उगवते. सदाफुलीला उगवताना अंधार लागतो, ती नीट झाका. उलट पेटुनिया, ऑफिस टाईम, स्नॅपड्रॅगन यांच्या बियांना उजेड लागतो; ती मातीवर पसरून बोटाने नुसती दाबायची, वर काही घालायचं नाही. असलं धुळीसारखं बी कोरड्या बारीक वाळूत मिसळून टाकलं की एकसारखं पडतं. काही जण वाळूऐवजी रवा घेतात. मुंग्यांना पंगत वाढायची असेल तर घ्या.

मुंग्यांवरून आठवलं. त्या लहान बी उचलून नेतात, विशेषतः उन्हाळ्यात. परातीत पाणी घालून त्यात विटा ठेवायच्या आणि विटांवर ट्रे. एवढा खंदक पुरतो.

एका खान्यात दोन बिया टाका. दोन्ही उगवल्या तर कमजोर रोप कात्रीने कापा. उपटलं तर शेजारच्याची मुळं हलतात. पसरट डब्यात पेरत असाल तर मुठीने उधळू नका, ओळीत पेरा. सुकलेलं झेंडूचं फूल कुस्करून अख्खं कुंडीत टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. त्यातून उगवतं भरपूर, पण एवढ्या दाटीत एकही रोप धड होत नाही.

नाव लिहून ठेवा. आइस्क्रीमची काडी, त्यावर पेन्सिलने नाव आणि तारीख. पेनाची शाई पहिल्याच पाण्यात जाते. झिनिया आणि झेंडूचे कोंब पहिल्या आठवड्यात नवख्याला वेगळे ओळखू येत नाहीत.

मग वरून ओलं वर्तमानपत्र झाका (पेटुनियासारख्या उजेड लागणाऱ्यांवर नको) आणि रोज सकाळ-संध्याकाळ उचलून बघा. झेंडू आणि झिनिया चार ते सात दिवसांत दिसतात, कॉसमॉस आणि तेरडा आठवड्यात-दहा दिवसांत, अ‍ॅस्टर दहा-बारा दिवसांत. सदाफुलीला दोन आठवडेही लागतात. अबोलीला त्याहून जास्त, तिथे धीर हवा. पहिला कोंब दिसला त्याच दिवशी कागद काढायचा. बाकीचे उगवायची वाट बघत तो दोन दिवस तसाच ठेवला तर आधी उगवलेले कोंब वाया जातात.

उगवल्यावरचे तीन आठवडे

नवरात्रात घट बसवला की देवघराच्या अंधारात धान्य उंच, पिवळं, लवचिक वाढतं. देवीला ते तसंच आवडतं. आपल्या फुलांचं रोप तसं दिसायला लागलं तर समजा त्याला उजेड कमी पडतोय. खिडकीतला उजेड पुरत नाही. कोंब दिसताच ट्रे बाहेर काढा; पहिले तीन-चार दिवस सकाळचं कोवळं ऊन, मग हळूहळू वाढवा.

पावसाळ्यात इथेच पेच पडतो. वळचणीखाली ठेवलं तर पाऊस लागत नाही, पण उजेडही मिळत नाही. स्लॅबवर ठेवलं तर झड येते. यावर सोपा उपाय म्हणजे चार काठ्या, वर पारदर्शक प्लास्टिक किंवा पारदर्शक पत्रा, आणि चारी बाजू मोकळ्या. बाजू मोकळ्या ठेवणं महत्त्वाचं. आत वारा खेळला नाही तर प्लास्टिकखाली घाम धरतो आणि रोग येतो.

तो रोग म्हणजे रोपांची मर. काल ताठ असलेलं रोप आज सकाळी बुडाशी, मातीला लागून, दोरा बांधल्यासारखं बारीक होऊन आडवं पडलेलं दिसतं. एक पडलं की दोन दिवसांत त्याच्या भोवतीची सगळी पडतात. हे मातीतल्या बुरशीचं काम, आणि तिला बोलावणारे आपणच : रोज सवयीने पाणी घालणारे, दाट पेरणारे, कच्चं खत मिसळणारे. एकदा आडवं पडलेलं रोप पुन्हा उठत नाही. पडलेली उचलून टाका, पाणी बंद करा, ट्रे वाऱ्याला ठेवा. उरलेल्यांना वाचवायला कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात मुळाशी ओतता येतं. पण मुळात पेरताना मिश्रणात चमचाभर ट्रायकोडर्मा घातली असती तर बहुतेक वेळा ही पाळीच येत नाही. कुठल्याही खत-औषधांच्या दुकानात मिळते. दोन्ही एकदम वापरू नका. ट्रायकोडर्मा ही स्वतः चांगली बुरशीच आहे, बुरशीनाशकाने ती मरते.

पाणी कधी द्यायचं? बोट लावून बघा. वरचा थर कोरडा लागला तरच द्यायचं. वरून ओतण्यापेक्षा ट्रे पाण्याच्या परातीत पंधरा मिनिटं ठेवा, भोकातून हवं तेवढं पाणी तो ओढून घेतो, मग उचलून निथळत ठेवा. पाणी सकाळी द्या, म्हणजे रात्रीपर्यंत पानं कोरडी होतात. झडीच्या दिवसांत आठवडाभर पाणी लागलं नाही तरी घाबरू नका, हवेतच ओल असते.

या तीन आठवड्यांत खत नको. गांडूळखतात जे आहे ते पुरतं.

लावणी आणि शेंडा

पहिली उगवलेली दोन पानं ही बीजदलं, ती मोजायची नाहीत. त्यानंतर खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या की रोप लावायला तयार. झेंडूला २० ते २५ दिवस लागतात. आधीचे चार-पाच दिवस ट्रे उघड्यावर ठेवून पाणी थोडं कमी करा, म्हणजे रोप काटक होतं.

लावणी संध्याकाळी, किंवा ढगाळ दिवशी. रोप धरायचं ते पानाला. पान फाटलं तर दुसरं येतं, खोड चिमटलं तर संपलं. मोठ्या झेंडूत दीड फूट अंतर ठेवा, बुटक्या झेंडूत आणि अ‍ॅस्टरमध्ये पाऊण ते एक फूट, झिनियात एक फूट, कॉसमॉसला एक ते दीड. लावताना हे अंतर फार वाटतं आणि हात आपोआप जवळ लावतो. आपल्या ओल्या हवेत दाट लावलेल्या झेंडूवर करपा (पानांवर तपकिरी डाग) आणि झिनियावर भुरी (पानांवर पांढरी पूड) हमखास येते, तेव्हा हात आवरा. पश्चिमेकडे सपाट वाफा नको, वीतभर उंच गादीवाफा करा म्हणजे पाणी साचत नाही. पूर्वेकडे उलट, आळं करा आणि वर उसाचं पाचट पसरा, ओल टिकते.

सूर्यफूल, हॉलीहॉक, नॅस्टर्शियम यांचं मूळ सरळ खाली जातं, उपटून लावलेलं त्यांना मानवत नाही. ती जिथे फुलायची तिथेच पेरा. कॉसमॉस दोन्ही तऱ्हेने येतो.

मोठ्या झेंडूचं रोप वीतभर वाढलं, लावणीनंतर तीन आठवड्यांनी, की शेंडा नखाने खुडा. बाजूला फांद्या फुटतात आणि एका फुलाऐवजी पंधरा-वीस मिळतात. नवीन माणसाचा इथे जीव होत नाही, विशेषतः शेंड्यावर कळी दिसत असेल तर. तरी खुडा. खुडण्याने फुलणं आठ-दहा दिवस मागे जातं, त्यामुळे ज्यांची पेरणी उशिरा झाली आणि दसरा जवळ आला त्यांनी मात्र राहू द्यावं.

खताचा हात आखडता ठेवा. महिन्यातून एकदा झाडाला मूठभर गांडूळखत आणि पंधरवड्यातून एकदा पातळ शेणपाणी एवढं पुष्कळ. युरिया तर नकोच. ऊस-तंबाखूला युरिया टाकायची सवय असलेल्या घरात फुलांनाही तो पडतो, आणि मग कमरेएवढा हिरवागार झेंडू होतो, फुलं चार. कॉसमॉसला तर गरीब मातीच आवडते.

पावसाळी पाहुण्या

जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यात मोठा शत्रू गोगलगाय. एका रात्रीत ट्रे साफ करते, आणि सकाळी चकचकीत वाळलेल्या रेघेशिवाय काही पुरावा नसतो. रात्री आठ-नऊच्या सुमारास बॅटरी घेऊन निघायचं, हातमोजे घालून वेचायच्या आणि दाट मिठाच्या पाण्यात टाकायच्या. वाफ्याच्या कडेला ओलं गोणपाट अंथरून ठेवलं तर पहाटे त्या त्याखाली जमतात, मग सकाळी एकगठ्ठा मिळतात. चुन्याची रेघ कोरड्यात चालते, पावसात धुऊन जाते. आमच्याकडच्या आषाढात तिचा काही उपयोग नाही.

मावा आणि फुलकिडे आले तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण, संध्याकाळी फवारा. भुरीसाठी पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, पण कडक उन्हात नको. याहून जास्त औषधांची घरच्या फुलांना गरज पडू नये. झाड फारच रोगट झालं तर उपटून जाळा आणि पुढची खेप लावा.

फुलायला लागलं की सुकलेली फुलं खुडत राहा. झाडावर बी धरलं की नव्या कळ्या कमी होतात.

बी धरणं

हंगामाच्या शेवटी मात्र खुडणं थांबवा. सगळ्यात तेज झाडावरची चार-पाच फुलं राखून ठेवा आणि ती झाडावरच वाळू द्या. झेंडूचा खालचा हिरवा पेला तपकिरी झाला की तोडायचं. झिनियाचं फूल पूर्ण कोरडं होऊन हाताला टोचायला लागलं की तयार. तेरड्याची शेंग हात लागताच फुटते, तिला आधीच कापडी पुरचुंडी बांधा. अबोलीच्या वाळलेल्या बोंडांवर पाणी पडलं की ती टचकन फुटून बी उडवतात. ती पाऊस नसताना तोडून कागदी पिशवीत ठेवा.

दोन-तीन जाती जवळजवळ लावल्या असतील तर मधमाश्या रंग मिसळतात, तेव्हा पुढच्या वर्षी वेगळंच काही उगवलं तर आश्चर्य नको.

बी सावलीत आठ-दहा दिवस वाळवा. प्लास्टिकच्या पिशवीत भरू नका. कागदाची पुडी, त्यावर नाव आणि महिना, आणि सगळ्या पुड्या घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत. तळाला मूठभर भाजून गार केलेले तांदूळ घाला, ते ओल ओढतात. आपल्या पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेलं बी दोन महिन्यांत बुरसटतं, म्हणून बरणी कपाटात, चुलीपासून लांब.

पेरण्याआधी परीक्षा घ्या. दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर ठेवायच्या. सात-आठ उगवल्या तर नेहमीसारखं पेरा, चार-पाच उगवल्या तर दुप्पट बी टाका, दोन-तीनच उगवल्या तर नवीन आणा. झेंडू आणि झिनियाचं बी नीट ठेवलं तर दोन-तीन वर्षंही चालतं. अ‍ॅस्टरचं मात्र लवकर थकतं, ते याच उत्तरा-हस्तात पेरून संपवा.